बेळगावचा ॲक्सिलरेटर बेंगळूरला नेऊ नका : एक खुलं पत्र

प्रति,
राज्याचे स्टार्टअप कार्यक्रम ठरवणारे अधिकारी आणि त्या पैशातून बेळगाव भागात ॲक्सिलरेटर चालवणाऱ्या संस्थांचे प्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

आमच्या भागासाठी सुरू केलेल्या ॲक्सिलरेटरची, म्हणजे नव्या कंपन्यांना काही महिने मार्गदर्शन आणि पैसे देणाऱ्या कार्यक्रमाची, पुढची बॅच बेळगावात होणार नाही असा मेल आम्हा मागच्या बॅचवाल्यांना आलाय. सेशन सगळे ऑनलाइन, शेवटचे काही आठवडे बेंगळूरला येऊन राहायचं आणि डेमो डे, म्हणजे गुंतवणूकदारांसमोर कंपनी मांडायचा दिवस, तो पण तिकडेच. कारण काय तर बेळगावातनं चांगल्या दर्जाचे अर्ज येत नाहीत आणि मेंटर लोकांना इथे येणं जमत नाही. संस्थेचं नाव मी घेत नाही कारण हा एका संस्थेचा प्रश्न नाहीच, उद्या तिच्या जागी दुसरी आली तरी कागदावरचे नियम हेच राहिले तर हेच होणार. पण हे गप्प बसून मान्य करणं मला जमणार नाही म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

मी त्या बॅचमधली एक फाऊंडर. माझे बाबा उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, फाऊंड्रीत (धातूचं ओतकाम करणाऱ्या कारखान्यात) मोल्डर म्हणजे साचे बनवणारे होते, आयुष्य वाळूत गेलं त्यांचं. मोल्डिंगची वाळू तयार झाली का नाही हे ते मुठीत दाबून सांगायचे, आणि अजूनही कितीतरी छोट्या फाऊंड्रीत असंच चालतं. ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, वाळू, बेंटोनाइट माती, कोळशाची पूड आणि पाणी यांचं ते मिश्रण असतं आणि त्यात पाणी साधारण ३ ते ४ टक्क्यांच्या आसपास लागतं. जास्त झालं की कास्टिंगमध्ये (ओतलेल्या धातूच्या मालात) ब्लोहोल म्हणजे हवेची भोकं येतात, कमी झालं की साचा ढासळतो आणि वाळू धातूत जाते. दोन्हीकडे माल रिजेक्ट, आणि रिजेक्ट माल परत वितळवायला वीज जाते ती वेगळीच. मी आणि माझी पार्टनर, ती गोकाकची, तिची मायबोली कन्नड, आम्ही दोघी मिळून हे पाणी चालू लाईनवर मोजणारं यंत्र बनवतोय, छोट्या फाऊंड्रीला परवडेल अशा किमतीत. इंजिनिअरिंग दोघींनी इथेच केलं. त्यामुळे हे पत्र हवेतलं नाही, यात आमचं घर, आमची बचत आणि आमची उमेदीची वर्षं अडकलेली आहेत.

आधी काय चांगलं झालं ते सांगते, कारण बंद होतंय ते नेमकं तेच.

त्या सगळ्या कार्यक्रमात एक मेंटर होते, वयस्कर, कास्टिंगच्या धंद्यात आयुष्य काढलेले. ते स्लाइड बघायला बसले नाहीत, चला म्हणाले तुमचं यंत्र कुठे लावलंय ते दाखवा. फाऊंड्रीत लाईनपाशी उभे राहिले, मिक्सरवाल्या मामांशी बोलले, आणि आमचा सेन्सर मिक्सरच्या तोंडाशी होता तो बेल्टवर पुढे घ्यायला लावला, कारण तोंडाशी वाळू अजून नीट मिसळलेली नसते आणि आकडा उगाच उड्या मारतो. तिथूनच त्यांनी दुसऱ्या एका फाऊंड्रीच्या मालकांना फोन लावला की या मुलींना तुमच्या लाईनवर जागा द्या. आमचं पहिलं गिऱ्हाईक त्या फोनवरनं मिळालं. बाकी सेशनमधलं मार्केट साइझ, युनिट इकॉनॉमिक्स वगैरे उपयोगाचं नव्हतं असं नाही, पण ते आज युट्यूबवर पण मिळतं. मशीनपाशी उभा राहणारा माणूस ऑनलाइन मिळत नाही, आणि तुम्ही बंद करताय ते हेच.

आता तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली आणि सगळ्यात मोठी म्हणजे वेळेचं माप. तीन महिन्यांची बॅच, मग डेमो डे, हा साचा आला कुठून? २००५ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावात वाय कॉम्बिनेटर या ॲक्सिलरेटरने पहिली बॅच घेतली ती उन्हाळ्याच्या सुट्टीत, कॉलेजची पोरं डोळ्यांसमोर ठेवून. पोरं सॉफ्टवेअर लिहिणार, आठवड्याला नवीन व्हर्जन काढणार, लोक वापरणार, लगेच कळणार चाललं का नाही. त्या कामाला तीन महिने बरोबर आहेत आणि त्यातनं मोठमोठ्या कंपन्या निघाल्या, आपल्याकडचे रेझरपे आणि मीशो पण तिथूनच गेलेले. त्याला माझं काही म्हणणं नाही. पण बेळगाव काय बनवतं ते बघा की. उद्यमबाग, मच्छे इथं कास्टिंग, मशिनिंग, हायड्रॉलिक्स. हत्तरगीला विमानाचे सुटे भाग. शहापूर-वडगावला माग. रायबाग, अथणी, चिक्कोडीकडे ऊस आणि साखर. निपाणीला तंबाखू. खानापूरला भात आणि जंगल. यातलं काय तीन महिन्यांत तपासून होतं?

आमचंच घ्या. आमची बॅच हिवाळ्यात सुरू झाली आणि उन्हाळा लागताना संपली. आमच्या यंत्राची खरी परीक्षा पावसाळ्यात, कारण तेव्हा नवी वाळू ओलीच येते, हवेत दमटपणा, मोल्डर रोज अंदाज बदलत असतो. बेळगावचा पाऊस काय असतो ते मी सांगायला नको. म्हणजे ज्या महिन्यांत आमचं यंत्र कामाचं आहे का हे कळणार होतं त्या महिन्यांत कार्यक्रम संपलेला आणि आमच्या फाइलवर शेरा काय तर व्हॅलिडेशन (यंत्र चालतं याचा पुरावा) अपुरं. आमच्याच बॅचमधला एक मुलगा साखर कारखान्यांसाठी काम करतो, उसाचा गाळप हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्चपर्यंत आटोपतो, त्याला एक हंगाम चुकला की वर्ष गेलं. असल्या धंद्याला तुम्ही बारा आठवड्यांचं घड्याळ लावता आणि मग म्हणता दर्जा नाही.

आणि हे सरकारला कळत नाही असंही नाही. केंद्राच्या विज्ञान तंत्रज्ञान विभागाची निधी प्रयास योजना प्रोटोटाइप बनवायला १० लाखांपर्यंत देते आणि मुदत १८ महिन्यांपर्यंत. बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं बिग ग्रँट ५० लाखांपर्यंत, तेही १८ महिने. म्हणजे वस्तू बनवणाऱ्याला वेळ लागतो हे सरकारी कागदावर मान्य आहे. मग आमच्या भागाच्या ॲक्सिलरेटरला तेवढं मान्य का होऊ नये?

दुसरं, पैसे आणि शेअर. हे जरा सविस्तर लिहिते कारण आमच्यानंतर येणाऱ्या पोरांना हे कुणी सांगत नाही. वाय कॉम्बिनेटर ७ टक्के घेतं म्हणून इकडेही ६-७ टक्के मागतात, पण ते ७ टक्क्यांच्या बदल्यात सव्वा लाख डॉलर रोख देतात, आणि वर पावणेचार लाख डॉलर, त्याचे शेअर पुढच्या गुंतवणूकदाराच्या अटींप्रमाणे ठरतात. आमच्याकडे जी बोलणी झाली त्यात रोख नावालाच होती, बाकी "एवढ्या लाखांचा सपोर्ट" म्हणून जे लिहिलेलं त्यात क्लाउड क्रेडिट (इंटरनेटवरचे सर्व्हर वापरायची सूट), को-वर्किंगची खुर्ची आणि मेंटरच्या तासांची किंमत धरलेली. क्लाउड क्रेडिटवर आमचं पॅटर्न, म्हणजे साच्याचा नमुना, बनत नाही. सेन्सरची बॉडी मशीन करायला वर्कशॉपवाल्याला रोख लागते. फक्त सल्ल्याच्या बदल्यात ६ टक्के गेले, पुढे पहिल्या गुंतवणूकदाराला १५-२० टक्के गेले, मग बँकेत हमीपत्रावर सही करणाऱ्या दोघींकडे काय राहणार याचा हिशोब कुणी करून दाखवत नाही. शिवाय करार अख्खा इंग्रजी कायद्याच्या भाषेत, आणि सही लवकर करा नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ. आम्ही सही केली नाही. ग्रँटवाल्या, म्हणजे शेअर न मागणाऱ्या भागात राहिलो म्हणून वाचलो. पण सगळ्यांना तेवढं धाडस होत नाही, घरात पहिल्यांदाच कुणीतरी धंदा करत असतो, समोर सूटबूटातली माणसं असतात, पोरं सही करून मोकळी होतात.

भाषेचं लिहिताना मला काळजी वाटते कारण आमच्याकडे भाषा म्हटलं की लोक लगेच दोन बाजूंना उभे राहतात. म्हणून आधीच सांगते, मी कन्नडच्या विरोधात एक अक्षर लिहीत नाहीये. आमच्या कंपनीत अर्धा दिवस कन्नड अर्धा दिवस मराठी चालते आणि वर्कशॉपमध्ये दोन्ही एकाच वाक्यात असतात. माझं म्हणणं एवढंच की अर्ज इंग्रजीत, पिच इंग्रजीत, मुलाखत इंग्रजीत आणि मग म्हणायचं अर्ज कमी आले. खानापूर तालुक्यातला आयटीआय झालेला पोरगा, ज्याने भात मळणीच्या मशीनमध्ये स्वतः बदल करून गावात पाच जणांना विकलंय, तो मला माहीत आहे. त्याने फॉर्म उघडला आणि बंद केला. त्याच्या मशीनमध्ये काही कमी नव्हतं, तो फॉर्म त्याच्यासाठी नव्हताच. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशभर जी संरक्षणं ठरलेली आहेत त्यात एखाद्या तालुक्यात १५ टक्क्यांवर लोक एखादी भाषा बोलत असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात असं आहे, आणि घटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे गाऱ्हाणं कुठल्याही वापरातल्या भाषेत मांडता येतं. मग आयडिया का मांडता येऊ नये? कन्नड आणि मराठी दोन्हीत अर्ज घ्या, गोकाकच्या पोरालाही फायदा आणि खानापूरच्याही.

सीमेचा मुद्दा बाहेरच्या लोकांना पटकन कळत नाही. बेळगावहून बेंगळूर ५०० किलोमीटर, कोल्हापूर ११० च्या आसपास. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीकडचा इंजिनिअरिंगचा आणि फाऊंड्रीचा पट्टा आणि आमचा उद्यमबाग, धंद्याच्या दृष्टीने एकच पट्टा आहे, कारागीर इकडून तिकडे जातात, वाळूवाले तेच, पिग आयर्नचे व्यापारी तेच. आमचं दुसरं गिऱ्हाईक कोल्हापूरचं. आणि ते आमच्या माइलस्टोनमध्ये, म्हणजे गाठायच्या ठरलेल्या टप्प्यांत, धरलं नाही! कारण पायलट, म्हणजे प्रत्यक्ष चाचणी, राज्याबाहेर. कंपनी कर्नाटकात रजिस्टर, जीएसटी इथला, माल इथे बनतो, दोन मुलं इथली कामाला, फक्त विकला शेजारी म्हणून शून्य. तिकडच्या योजनांना अर्ज करावा तर कंपनी तिकडे रजिस्टर पाहिजे. म्हणजे सीमेवरच्या माणसाला दोन्ही दारं अर्धीच उघडी. कोल्हापुरी चपलेचं उदाहरण बघा, तिचं जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाची कायदेशीर नोंद, दोन्ही राज्यांच्या चार-चार जिल्ह्यांना मिळून आहे, कर्नाटकाकडून लिडकर आणि महाराष्ट्राकडून लिडकॉम ही चामडे महामंडळं, आपले अथणी-निपाणीकडचे कारागीर त्यात आले. चपलेला जे जमलं ते सेन्सरला जमवता येईल, त्यासाठी कुठला वाद सुटायची वाट बघायला नको, नियमात एक ओळ बदलायची आहे.

आता तुमच्या मेलमधल्या कारणांबद्दल. मेंटर लोकांना येणं जमत नाही म्हणता. बेळगावला विमानतळ आहे, राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्री बसलं की सकाळी पोचवते, २०२५ च्या ऑगस्टपासून वंदे भारत पण आहे. आम्ही फाऊंडर लोक सेन्सरची पेटी मांडीवर घेऊन तेवढाच प्रवास करतो. पण खरं सांगायचं तर मेंटर बेंगळूरहूनच का आणायचे हाच माझा प्रश्न आहे. या गावात हायड्रॉलिक्सचे कारखाने शून्यातनं उभी केलेली माणसं आहेत, पॉलिहायड्रॉन हे नाव या धंद्यात देशभर माहीत आहे. विमानाच्या सुट्या भागांची ऑर्डर परदेशातनं आणून इथे पुरी करणारी माणसं आहेत. व्हीटीयूचं, म्हणजे राज्याच्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं, मुख्यालय इथे. त्यांना कुणी विचारलं का? आमच्या बॅचच्या मेंटर यादीत इथल्या कारखानदारांची नावं बोटावर मोजण्याएवढी होती आणि कामाला आले ते त्यातलेच. हुबळीत देशपांडे फाऊंडेशनने एवढं मोठं स्टार्टअप केंद्र उभं केलं ते बेंगळूरला जाऊन नाही केलं, तिथेच केलं. म्हणजे होत नाही असं नाही.

दर्जाचं म्हणाल तर तुमचा दर्जा मोजायचा काटा कुठला ते आधी सांगा. डेमो डेला कुणाच्या स्लाइड छान आणि कोण इंग्रजी फाडफाड बोलतं यावर मोजणार असाल तर आम्ही मागेच राहणार. कुणाकडे पैसे देणारं गिऱ्हाईक आहे यावर मोजा, मग बघू. डेमो डेला समोर बसलेले गुंतवणूकदार बहुतेक सॉफ्टवेअरवाले, ते विचारतात पाच वर्षांत शंभरपट कसं होणार. फाऊंड्रीचं यंत्र शंभरपट होणार नाही, पण शे-दोनशे फाऊंड्रीत लागलं तर त्यांचं रिजेक्शन कमी होईल आणि इथे वीस-तीस लोकांना काम लागेल. हे पण अर्थव्यवस्था वाढणंच आहे ना? देशात मान्यताप्राप्त स्टार्टअपची संख्या दीड लाखाच्या वर गेली म्हणून आपण सगळे आनंद मानतो, पण त्यातला प्रत्येक जण ॲपच काढणार असं कुणी ठरवलंय?

आणि राज्याचं स्वतःचं म्हणणं काय आहे? नोव्हेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने २०२५-३० चं स्टार्टअप धोरण मंजूर केलं, ५१८ कोटींचं, त्यात २५ हजार स्टार्टअप उभे करायचे आणि त्यातले १० हजार बेंगळूरच्या बाहेर. त्याआधी बजेटमध्ये लोकल इकॉनॉमी ॲक्सिलरेटर प्रोग्राम जाहीर झाला, १,००० कोटींचा. नावातच लोकल आहे. बेळगावची बॅच बंद करून, फाऊंडरना बेंगळूरला राहायला नेऊन, त्यांची नोंद मात्र "बेळगाव" म्हणून करून हे १० हजार पुरे होणार असतील तर तो आकडा कुणासाठी? काही आठवडे तिकडे राहिलेली कंपनी परत येत नाही हो. ऑफिस तिकडे, माणसं तिकडे, आणि बायकांसाठी तर अजून अवघड. माझ्या पार्टनरला लहान मूल आहे, ती कुठल्या आईच्या जिवावर बेंगळूरला राहायला जाणार? पुढच्या बॅचमध्ये तिच्यासारख्या किती जणी अर्जच करणार नाहीत याचा विचार हा निर्णय घेताना झाला होता का?

तर आमच्या मागण्या अशा आहेत. आमच्या म्हणजे आमच्या बॅचमधल्या बहुतेकांच्या, मी सगळ्यांशी बोलूनच लिहितेय.

पुढची बॅच बेळगावातच घ्या. ऑनलाइन सेशन हवे तेवढे ठेवा, पण केंद्र, प्रत्यक्ष भेटी आणि डेमो डे इथे. गुंतवणूकदारांना वाटलं तर त्यांच्यासाठी बेंगळूरला एक दिवस वेगळा ठेवा, आम्ही येऊ.

वस्तू बनवणाऱ्या आणि शेतीशी संबंधित कंपन्यांसाठी मुदत कमीत कमी एक पूर्ण वर्ष करा, म्हणजे एक पावसाळा आणि एक हंगाम त्यात येईल. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, चालेल, पण टप्पा कामाच्या वेळापत्रकावर ठरवा.

अर्ज, मुलाखत आणि कराराचा सारांश कन्नड, मराठी आणि इंग्रजी तिन्हीत. शेअर मागत असाल तर त्या बदल्यात रोख किती हे पहिल्या ओळीत लिहा, क्रेडिट आणि खुर्च्यांची किंमत त्यात मिसळू नका, आणि सीएला किंवा वकिलाला दाखवायला पुरेसा वेळ लेखी द्या.

कंपनी कर्नाटकात रजिस्टर असेल आणि काम इथे होत असेल तर कोल्हापूर, सांगली, चंदगड, गोवा इथलं गिऱ्हाईक माइलस्टोनमध्ये धरा.

प्रत्येक फाऊंडरला इथल्या दोन तरी कारखान्यांत, कारखाना नसेल तर बाजार समितीत किंवा सहकारी सोसायटीत, पैसे देऊन घेतलेली ट्रायल मिळवून द्यायची जबाबदारी ॲक्सिलरेटरची राहू दे. आणि त्या ट्रायलचं पेमेंट ४५ दिवसांत झालं पाहिजे. हे काही आम्ही नवीन मागत नाही, सूक्ष्म-लघु उद्योगांच्या पेमेंटसाठी २००६ च्या एमएसएमई कायद्यातच जास्तीत जास्त ४५ दिवस आहेत आणि आता इन्कम टॅक्स कायद्यामुळे उशीर करणाऱ्याला पैसे देईपर्यंत तो खर्च दाखवता येत नाही. ॲक्सिलरेटरने फक्त ट्रायलच्या पहिल्याच कागदावर ही अट लिहून घ्यायची. नव्वद-नव्वद दिवस पैसे अडकून पडल्यामुळे इथले धंदे मरतात, आयडिया नाही म्हणून नाही.

शेवटचं, आजवरच्या बॅचचा हिशोब जाहीर करा. किती कंपन्या दोन वर्षांनी चालू आहेत, किती जणांना पैसे देणारं गिऱ्हाईक मिळालं, किती जण याच जिल्ह्यात राहिले, आणि खर्च कशावर झाला. बेळगावातनं दर्जा येत नाही हे त्या आकड्यांवरनं दिसत असेल तर आम्ही ऐकून घेऊ.

पुढच्या बॅचचे अर्ज सुरू व्हायच्या आधी एक बैठक बेळगावात घ्या, उद्यमबागेत घेतली तर उत्तमच. जागेची व्यवस्था आम्ही करतो. मागच्या बॅचवाले येतील, ज्यांनी फॉर्म उघडून बंद केला तेही येतील, आणि दोन-चार कारखानदारांनी यायचं कबूल केलंय. या पत्राचं उत्तर मला एकटीला मेलवर नको, जाहीर द्या, कारण पुढच्या वर्षी अर्ज करायचा का नाही हे ठरवणारी पोरं आत्ता वाट बघत आहेत.

आपली,
उद्यमबाग, बेळगाव इथली एक फाऊंडर